काकांच्या फोटोतले डोळे

ही गोष्ट खरं तर लताला सांगायची आहे. तिला न सांगता तुम्हाला सांगतोय, यातच माझी लायकी काय ती ओळखा. वीस वर्षं होऊन गेली. बायकोला ठाऊक नाही, कॉलेजात कुणाला ठाऊक नाही, आणि देवाशी माझं फारसं बोलणं नाही. एकदा अकोल्याहून परत येताना एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसाला सांगून टाकावंसं वाटलं होतं — तोंड उघडलंही होतं — तेवढ्यात त्याने डबा काढून भाकरी-ठेचा पुढे केला आणि मी मुकाट्याने खात बसलो. सांगायचं टाळायला मला एवढंसं काहीतरी पुरतं.

तर, मी अमरावतीत फोटोग्राफी शिकवतो. दरवर्षी नवी मुलं येतात आणि कुणीतरी विचारतंच — सर, चांगला फोटो म्हणजे कोणता? त्यावर माझं लेक्चर तयार आहे. चांगला फोटो गोडगोड नसतो, मी सांगतो. तो चौकट मोडतो, पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो, आणि मुख्य म्हणजे तो खोटं बोलत नाही. मुलं खाली माना घालून लिहून घेतात. एवढ्या वर्षांत एकानेही विचारलं नाही — सर, आणि तुम्ही? विचारलं असतं तर मी काय केलं असतं? काहीतरी बोललोच असतो, बोलण्यात मी कधी कमी पडलेलो नाही.

मी स्वतः फोटो काढायला शिकलो ते अकोल्याला, जठारपेठेत, विश्वनाथकाकांच्या स्टुडिओत. काका म्हणजे नात्याचे नव्हेत. सगळी पेठ त्यांना काकाच म्हणायची. बी.ए. करून घरी बसलो होतो, वडील रोज ताटावर टोमणे मारत होते, तेव्हा काकांनी मला कॅमेऱ्यामागे उभं केलं. सहा वर्षं मी तिथे होतो. एक खुर्ची, एक खिडकी, मागे तळं आणि हंस रंगवलेला पडदा. उजेड डावीकडूनच घ्यायचा. माणूस बसला की काका दोन बोटांनी त्याची हनुवटी धरून हलकेच खिडकीकडे वळवायचे. मी मनात म्हणायचो, या माणसाने अख्ख्या अकोल्याची मान एकाच बाजूला वळवून ठेवली आहे. लग्न जमवायला फोटो हवा असलेली मुलगी असो की बाजारातला अडत्या, मान तीच, उजेड तोच. मला ती निव्वळ कारकुनी वाटायची.

पण लोक काकांकडे लांबलांबून यायचे ते दुसऱ्याच कामासाठी. मयताच्या फोटोसाठी. त्या काळी खेड्यातल्या पुष्कळ माणसांचा, बायकांचा तर विशेषच, जन्मभरात एकही फोटो निघालेला नसे. माणूस गेलं की मग घरच्यांना आठवण व्हायची. कुणीतरी मोटरसायकलवर काकांना न्यायला यायचं. काका जाऊन त्या माणसाला खुर्चीत बसवायचे, पाठीशी उशी, डोक्यावरचा पदर किंवा टोपी नीट, आणि दारातून येणाऱ्या उजेडात फोटो घ्यायचे. डोळे अर्थातच मिटलेले. मग स्टुडिओत आल्यावर त्या फोटोवर शून्य नंबरच्या ब्रशने ते डोळे उघडायचे. त्या रंगवलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढायचे, तो मोठा करून घरच्यांना द्यायचे. पुढच्या पिढीला वाटायचं, आजी जिवंतपणी फोटोला बसली होती. घरचेही तसंच सांगायचे — जत्रेत काढला, तालुक्याला गेलो होतो तेव्हा काढला.

डोळे आणायचे कुठून? काकांचा खरा हुन्नर इथे होता. ते मनाने रचलेले डोळे कधी रंगवत नसत. गेलेल्या माणसाचं मूल, नाहीतर भाऊ-बहीण, समोर स्टुलावर बसवायचे आणि तास-तास त्याच्या डोळ्यांत पाहत ब्रश चालवायचे. "फोटो आपन पाह्याचा नसते, सुधाकर," मला सांगायचे. "फोटोनं घरच्या मानसाकडे पाह्यलं पायजे. पाह्यलं तं चांगला. नाई तं कागद." चांगला फोटो कोणता, यावर ते आयुष्यात एवढंच बोलले. आणि त्यांचा एक नियम होता. मिटल्या डोळ्यांची मूळ निगेटिव्ह कुणालाही दाखवायची नाही, घरच्यांनासुद्धा नाही. ती पत्र्याच्या पेटीत जायची आणि पेटीला कुलूप लागायचं.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे केलं ते रागाच्या भरात केलेलं नाही, आणि नकळत तर नाहीच नाही.

अमरावतीत नोकरी लागली, हंगामी. पुण्या-मुंबईची प्रदर्शनं पाहिली, जाडजूड पुस्तकं चाळली, आणि मी प्रयोगशील झालो. हललेले फोटो, जळके फोटो, अर्धं डोकं कापलेले फोटो. माझ्या पहिल्या प्रदर्शनात जिनिंगमधल्या कापसाचे मुद्दाम हलवलेले फोटो होते, भिंती भरून. काका अकोल्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आले, एकेका फोटोपुढे थांबले, आणि निघताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "कॅमेरा पडला होता काय बाबू?" टोमणा नव्हता हो. त्यांना खरोखर काळजी वाटली होती. मी हसून घालवलं, पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं. बाकी कुणी त्या प्रदर्शनाबद्दल एवढंही बोललं नाही, हेही होतंच.

त्या वर्षी स्टुडिओच्या भिंतींना ओल आली आणि निगेटिव्हवर बुरशी चढायला लागली. आमच्या कॉलेजात एक कोरडी, एसी असलेली खोली होती. काका ती पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन एस.टी.ने आले. सोबत फडक्यात बांधलेले, डोळे उघडलेले काही प्रिंट. "पावसायाभर सांभायजो," म्हणाले. "कोनाले दाखवू नोको." मी हो म्हणालो. त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली, आणि तेव्हाही मी पुन्हा एकदा हो म्हणालो.

मी पेटी उघडली. कुणाला विचारलं नाही — ज्यांचे चेहरे होते त्यांच्या घरच्यांना नाही, आणि काकांनाही नाही. बारा जोड्या निवडल्या. डावीकडे मिटल्या डोळ्यांचा मूळ फोटो, उजवीकडे काकांनी डोळे उघडलेला, दोन्ही पुरुषभर उंचीचे. डाव्याखाली पाटी लावली, 'खरं'. उजव्याखाली, 'खोटं'. नावं नव्हती. अमरावतीच्या कलादालनात खेड्यातलं कोण यायला बसलंय, असा माझा विचार. आणि प्रदर्शन गाजलं. मुंबईहून एक जाणकार बाई आल्या, पेपरात लिहून आलं — परंपरेचा बुरखा फाडणारा धाडसी प्रयोग. हंगामी नोकरी कायम करायची बोलणी सुरू झाली. काकांना मी कळवलंही नव्हतं. पेपर त्यांच्या हाती पडला तर, अशी थोडी धाकधूक होती. पण थोडीच.

चौथ्या दिवशी दुपारी एक शिक्षिका आत आल्या. शेजारच्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला मुली घेऊन आल्या होत्या, पेपर सुटायला वेळ होता म्हणून शिरल्या. शोभाताई त्यांचं नाव, हे मला मागाहून कळलं. पंचेचाळिशीच्या असतील, खांद्याला पर्स, हातात मुलींच्या पाण्याच्या बाटल्या. तिसऱ्या जोडीपुढे थांबल्या त्या हलेचनात. मला वाटलं, चला, कुणाला तरी भिडलं. मी समजावून सांगायला पुढे गेलो — हो, हेही मी केलं. त्यांच्या शेजारी उभा राहून सांगायला लागलो की बघा, उजवीकडचे डोळे कसे खोटे आहेत. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. भिंतीवरचे डोळे माझ्यासमोर होते, तेच, फक्त पाण्याने भरलेले.

"माही आई हाय," त्या म्हणाल्या.

आई गेली तेव्हा त्या पाच वर्षांच्या होत्या. फोटो जत्रेतला, असं घरात सांगितलेलं. चाळीस वर्षं तो त्यांच्याकडे पाहत आला होता. परीक्षेला निघताना, सासरी निघताना, नोकरीवर रुजू व्हायला निघताना त्या त्याच्या पाया पडल्या होत्या. कुणीतरी आपल्याला लिमलेटची गोळी देऊन एका स्टुलावर खूप वेळ बसवलं होतं, एवढं त्यांना आठवत होतं. ते कशासाठी, हे त्यांना त्या दुपारी माझ्या पाटीवरून कळलं. हे त्यांनी असं सलग सांगितलं नाही. तुटक तुटक, बाटल्या छातीशी धरून. मग विचारलं, "हे तुमाले कोनं देल्लं?"

एवढा वळसा घालून इथे आलो. मी म्हणालो — काकांनीच दिलं. विश्वनाथकाकांनी. लावा म्हणाले, लोकांना कळू द्या म्हणाले. मी तर नको म्हणत होतो.

ते शेवटचं वाक्य जोडायची काय गरज होती? खोटं तर आधीच बोलून झालं होतं. पण 'मी तर नको म्हणत होतो' — हे मी आवाज मऊ करून म्हणालो, दुःखी चेहऱ्याने. दोन पावलांवर आमचे प्राचार्य उभे होते आणि ऐकत होते. ते उभे नसते तर मी खरं बोललो असतो का? नसतो बोललो. वीस वर्षं मी स्वतःला ओळखतोय.

दुसऱ्या दिवशी शोभाताई आणि त्यांचे भाऊ जठारपेठेत गेले. मला ते लताच्या फोनवरून कळलं. लता ही काकांची एकुलती मुलगी, अकोल्यातच दिलेली. त्या वेळी नेमकी स्टुडिओत होती. भावांनी आवाज चढवला, बाहेर माणसं जमली. शोभाताईंनी एकच विचारलं — माह्या आईचा फोटो तुमी देल्ला काय त्याले? काका म्हणाले, "हो. म्याच देल्ला."

लता फोनवर रडत होती. "दादा, बाबानं असं कावून केलं असन? लोकायच्या मयताचा तमाशा कावून मांडला असन?" मी काय म्हणालो? जाऊ दे, म्हणालो. वय झालंय त्यांचं.

अमरावती ते अकोला, दोन-अडीच तासांचा रस्ता. मी महिनाभर गेलो नाही. तेवढ्यात नोकरी कायम झाल्याचा कागद हातात आला. मग पेटी घेऊन गेलो. काका खिडकीशी बसले होते, हंसांचा पडदा गुंडाळून कोपऱ्यात उभा केलेला. ते ओरडतील असं धरून मी उत्तरं तयार करून गेलो होतो. त्यांनी पेटी उघडली, एकेक निगेटिव्ह उजेडाला धरून पाहिली, बुरशी वाढली का ते. मग म्हणाले, "मोठे केल्यावर डोये फाटले तं नाई?" नाही, म्हणालो, चांगले दिसत होते. "उजेड कुठून होता?" डावीकडून, म्हणालो. त्यांनी मान डोलावली आणि चहा सांगितला. बस. त्या दिवशी नाही आणि पुढच्या बारा वर्षांत नाही, त्या खोट्याबद्दल त्यांच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. मला वाचवलं त्यांनी, की मी चार शब्द खर्च करण्याच्याही लायकीचा वाटलो नाही? मी कधी विचारलं नाही, त्यामुळे मला कळायचं कारण नाही.

पुढे लोक भिंतीवरचे फोटो उतरवून स्टुडिओत आणायला लागले. हार काढलेले, मागे जळमटं लटकणारे. काका, खरं सांगा, हा जिवंतपणीचा हाय की मेल्यावरचा? काका म्हणायचे, डोये खरे हायत. ते खरंच होतं. पण ऐकणार कोण? एका म्हाताऱ्याने बायकोचा फोटो काउंटरवर पालथा ठेवला आणि निघून गेला. तो फोटो न्यायला कुणी परत आलं नाही. काकांनी त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. हळूहळू पासपोर्टच्या फोटोलाही माणसं दुसरीकडे जायला लागली. तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. शोभाताईंनी आईचा फोटो पुन्हा भिंतीवर लावला की नाही, मला माहीत नाही.

आणि लता. आमच्याकडे अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेक माहेरी येते. लता सलग तीन अखज्या आली नाही. एकाच शहरात, ऑटोने दहा मिनिटांवर राहून. चौथ्या वर्षी काका आजारी पडले तेव्हा तिनेच त्यांना आपल्या घरी नेलं, शेवटपर्यंत सगळं केलं. पण 'असं कावून केलं' हा प्रश्न तिने त्यांना कधी विचारला नाही आणि त्यांनी आपणहून काही सांगितलं नाही. नऊ वर्षं बाप-लेक एका छपराखाली तो प्रश्न मधे ठेवून राहिले. मी अधूनमधून भेटायला जायचो, केळी घेऊन जायचो. दोघं माझ्याशी चांगलं बोलायचे.

काका गेले त्या सकाळी लताचा फोन आला. जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले त्या माणसाचा स्वतःचा एक धड फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत मुंडावळ्यांनी तोंड झाकलेलं. आधार कार्डावरचा कसा असतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मोबाइलवर होते ते आजारपणातले, नाकात नळी घातलेले. लता म्हणाली, "दादा, तुमीच काढा. बाबा काढे तसा."

मी गेलो. काकांना खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली. दोन बोटांनी त्यांची हनुवटी धरली आणि खिडकीकडे वळवली. थंड होती, दाढीचे खुंट टोचले. उजेड डावीकडून घेतला. तेवढं एक काम मी आयुष्यात त्यांच्या पद्धतीने, मनापासून केलं.

तेरवी झाल्यावर लता अमरावतीला आली, माझ्यासमोर बसायला. कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत झालं असतं, पण तिला ब्रशनेच हवं होतं. मी स्टूल खिडकीशी ठेवलं. ती बसली आणि माझ्याकडे पाहायला लागली. हुबेहूब काकांचे डोळे, जरासे घारे, उजवा किंचित लहान. आता डोळे रंगवायचे तर समोरच्याच्या डोळ्यांत तासभर पाहावं लागतं, दुसरा इलाज नाही. मी मिनिटभर पाहिलं असेल. ती तशीच, न हलता, म्हणाली, "बाबानं असं कावून केलं असन, दादा?" मी ब्रश पाण्यात सोडला. म्हणालो, आज उजेड बरोबर नाही. तू जा. काकांचे डोळे मला पाठ आहेत.

पाठ नव्हते. बारा वर्षं मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलंच नव्हतं, तर पाठ कसे असतील? ती गेल्यावर बाथरूममधला आरसा काढून आणला, खिडकीशी टेकवून ठेवला, आणि माझे डोळे त्या फोटोत रंगवले. कुणाचे तरी हवे होते आणि माझ्याजवळ दुसरे कुणाचे नव्हते. आरशातही मला सरळ बघवेना, म्हणून बुबुळं जराशी बाजूला गेली. पांढरा रंग घेऊन दोनदा दुरुस्त करायला गेलो, दोनदा तशीच झाली. प्रदर्शनातली माझी ती दुसरी पाटी खरं तर या एकाच फोटोखाली लावण्यासारखी आहे.

तो फोटो लताच्या घरी लागला. दर अखजीला ती बापाच्या नावाने घागर भरते आणि मला जेवायला बोलावते. बाबाचे शिष्य म्हणून पहिलं ताट माझं. मी त्या फोटोखाली बसून पुरणपोळी आणि आंब्याचा रस खातो, आणि पोळी आणखी हवी का विचारलं तर घेतो.

यंदाही गेलो. तिने स्टुलावर चढून फोटोला हार घातला, खाली उतरली, जरा डावीकडे जाऊन उभी राहिली, मग उजवीकडे. म्हणाली, "दादा, एक सांगू काय? बाबा माह्याकडे पाहूनच नाई राहिले. कुठंबी उभी राह्यली तरी. आठ वर्षं झाले." आणि मग, हार सारखा करत, "मी तीन अखज्या आली नाई ना. त्याचाच राग असन."

घरात आम्ही दोघंच होतो. जावई रस आणायला बाहेर गेले होते. काकांनी नाही, मी केलं — चार शब्द होते. ते माझ्या जिभेवर होते, हे मी शपथेवर सांगतो, आणि त्याला काही अर्थ नाही हेही मला कळतं. मी म्हणालो, फोटो जरा उंच लागलाय, खिळा खाली घे.

तिने हातोडी आणली. मी स्टूल धरलं. तिने खिळा वीतभर खाली ठोकला, फोटो लावला, उतरून समोर उभी राहिली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने हात जोडले, आणि माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच त्या डोळ्यांची माफी मागितली.

मी स्टूल जागेवर नेऊन ठेवलं. तिने ताट वाढलं आणि मी जेवलो.